शुक्रवारची कटकट

मी आधीच सांगून ठेवते, शुक्रवारी नमाजनंतर आमच्या दुकानात कोणी पाय ठेवलेला मले खपत नाही. बियाणं घ्याचं असो, फवाऱ्याच्या पंपाचं वायसर घ्याचं असो, असरच्या, म्हणजे दुपार ढळल्यावरच्या, नमाजपर्यंत थांबा, नाहीतर दुसरं दुकान पाहा. जळगाव जामोदात कृषी केंद्रं काय कमी आहेत? मागं एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून म्हणे, "भाबी, सईदभाई आत बसलेले दिसून राह्यले, मग काऊन नाही म्हणता?" मी म्हणलं, "दिसले ना? मग पाहून घ्या आन जा. ते पोरासंगं बोलून राह्यले."

सईदभाई म्हणजे माहे घरवाले. मी अमीना. घरात आमची बोली वेगळी, पण जन्म सारा वऱ्हाडात गेला, बाहेर तोंड उघडलं की हेच निघते. पोरगा एकच, कामरान. पुण्याले कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोघंही बाप-लेक असे हेकट की काय सांगू. एक म्हणन उजवीकडं तर दुसरा मुद्दाम डावीकडं. आन मधात मी, दोघायच्या नावानं बोटं मोडत.

भांडण कशावरून झालं ते सांगते. आमच्या दुकानातून बीटीच्या सरकीच्या थैल्या गेल्या त्या काही कमी नाही. पहिले पहिले लोकं खूश होते. बोंडअळी येत नव्हती, फवारे वाचत होते, ह्यायले लोकं चहा पाजत होते. मग ते गुलाबी बोंडअळीचं साल आलं. पऱ्हाटी वरून हिरवीगार, बोंडं टपोरी, आन फोडून पाहा तर आत अळी बसेल. लोकं वावरातून बोंडं तोडून आणत आन आमच्या काउंटरवर ठेवत. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा जुना गिऱ्हाईक इंद्रभान आला, त्यानं रुमालातली बोंडं काउंटरवर ओतली, रुमाल झटकला आन एक शब्द न बोलता निघून गेला. ह्यायनं दोन दिवस ती बोंडं मले झाडू देल्ली नाहीत.

तेव्हा कामरान आल्ता. तो म्हणाला, "अब्बू, दुकान बंद करा आन पुण्याले चला. काऊन लोकायचं ऐकून घेता? बियाणं तुम्ही थोडीच बनवलं?"

हे भडकले. म्हणले, "ज्यायले माह्या हातानं थैली देल्ली त्यायच्या समोरून पळून जाऊ? तुले बापाची लाज वाटत असन तर तू जा. मागं वळून पाहू नको."

पोट्टं गेलं. आन मागं वळून पाह्यलं नाही. सहा महिने बाप-लेकाचं बोलणं बंद. माह्या फोनवर मले विचारे, "अब्बू कसे आहेत?" मी म्हणो, "जित्ते आहेत, तूच विचारून घे." तर फोन ठेवून दे.

मग ह्यायच्याच डोक्शात आलं की पुढच्या साली लोकायले आधी सांगता आलं पाहिजे. वावरात कामगंध सापळे लावाचे, त्यात अळीचे पतंग किती पडले ते लोकायनं ह्यायले कळवाचं, आन पतंग वाढले की ह्यायनं साऱ्या गावायले मोबाइलवर मेसेज टाकाचा, की बाबाहो, डोमकळ्या, म्हणजे अळीनं आतून शिवलेली मिटकी फुलं, तोडा, वावरातून बाहेर काढून जाळा. हे काम कराले कॉम्प्युटर पाहिजे. आन कॉम्प्युटरसाठी कामरान पाहिजे. तोंडानं कोण म्हणन? शेवटी मीच म्हणलं. पोरगा दोन दिवसासाठी आला, बापाशी एक शब्द न बोलता दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालवणारं ते फुकटातलं लिनक्स टाकलं, मेसेजचा प्रोग्रॅम लावला आन एका कागदावर लिहून देल्लं की दर शुक्रवारी हे करा.

करायचं काय, तर अपडेट. कॉम्प्युटरातल्या साऱ्या प्रोग्रॅमले नवं करणारं एक औजार होतं. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करून एंटर मारायचं. मग ते शोधाशोध करे, काय काय नवं आलं ते दाखवे आन विचारे, करू का? हे बिस्मिल्लाह म्हणून वाय दाबत. झालं तर झालं. पण दर दोन-तीन हप्त्याले कुठंतरी अटके आन पडद्यावर इंग्रजीत काहीबाही येई. मग ह्यायले फोन कराच लागे.

तो फोन तुम्ही ऐकाले पाहिजे होता. ह्यायचं इंग्रजी दहावीपर्यंतचं. वाक्य वाचता येत नव्हतं असं नाही, पण चुकन म्हणून एकेक अक्षर सांगत. "ई. मग दोन आर. मग ओ. मग आर." तिकडून कामरान, "पुढं." हे, "एफ, ए, आय... इकडं पाऊस नाही बे अजून... एल, ई, डी." मग कामरान, "एंटर मारा. मागच्या हप्त्यात मला ताप होता. आता वाय दाबा." हे, "दाबलं. डॉक्टरले दाखवलं का? पडद्यावर टी, आर, वाय आलं." असं. मधामधात. जसं काही ताप आन पाऊस त्या पडद्यावरच लिहेल आहे.

मी पोत्यावर बसून ऐकत राहो. माह्या डोळ्याले पाणी येई आन हसूही येई. पहिले पहिले फक्त अटकलं की फोन होई. मग मी पाह्यलं, अटकलं नाही तरी होऊ लागला. "कामरान, आज सारं बरोबर झालं, पण एकदा वाचून दाखवतो, पाहून घे." आन वाचून दाखवाले एक तास.

फोन ठेवला की मात्र लगेच माह्याकडं पाहून म्हणत, "काय कटकट आहे ही दर शुक्रवारची!" आमच्या इकडच्या माणसाची रीतच आहे ही. ज्याच्यावर जीव त्यालेच शिव्या. बैलाले मर म्हणतीन आन त्याले ताप आला तर रात्रभर गोठ्यात बसतीन. मले ते माहीत होतं, म्हणून मी म्हणो, "हाव ना, भल्ली कटकट!" आन चहा टाको.

मग श्रावणात एक घोळ झाला. शुक्रवारी अपडेट अर्ध्यात अटकलं. आन अर्ध्यात अटकलं की मेसेजचा प्रोग्रॅम चालूच होत नसे. ह्यायनं पुण्याले फोन लावला तर कामरान मिटिंगात. मी म्हणलं, कागदावर लिहेल आहे, करून पाहा. हे म्हणले, "राहू दे, त्याले विचारूनच करतो." संध्याकाळी कामरानचा फोन आला तर इकडं लाइट गेलेली. शनिवारी इंटरनेट बंद. मेसेज गेले थेट सोमवारी. बुधवारी इंद्रभान आला. म्हणला, "सईदभाई, मेसेज लेट आला का जी? सापळा भरला होता पण मी म्हणलं तुमचा मेसेज येऊ द्या. आता खालच्या वावरात लय डोमकळ्या दिसून राह्यल्या." रागानं नाही म्हणला. साधंच म्हणला. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी कामराननं सांगतलं की लिनक्सची नवी आवृत्ती येऊन राह्यली आन तिच्यात ते जुनं औजार काढूनच टाकलं आहे. त्याच्या जागी दुसरं आलं. "बकरी ईदले येतो तेव्हा नवं लावून देतो. ते मी आपोआप चालीन असं करतो. पहाटे फजरच्या वेळी स्वतःच सारं करन, अटकलं तर स्वतःच मागं जाईन. तुम्हाले काहीच करा लागत नाही."

फोन स्पीकरवर होता. ह्यायनं कीबोर्ड जरा बाजूले सरकवला. मग एकदम मोठ्यानं म्हणले, "बरं झालं! सुटलो एकदाचा कटकटीतून."

मग कामरान म्हणला, "हो अब्बू." आन फोन ठेवला. त्या दिवशी ना पावसाचं बोलणं झालं ना तब्येतीचं.

मी त्याच वेळी ओळखलं की आता हे दोघं पुन्हा मुक्याचे मुके होणार. सहा महिन्यांची ती चुप्पी मी काढली होती, दुसऱ्या कोणी नाही. घरात दोन ताटं वाढून तिसऱ्याचं नाव काढाची चोरी. मले ते पुन्हा नको होतं.

कामरान मलकापूरले रेल्वेतून उतरून बसनं घरी आला. ईदच्या दिवशी मी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी त्याले धरला. म्हणलं, "ते आपोआपवालं लावू नको. नवं औजार लाव, पण तुह्या अब्बूच्या हातानं चालू दे."

"अम्मी, अब्बूच म्हणले ना, सुटलो म्हणून. तू ऐकलं नाही का? दर हप्त्याला मी त्यांना त्रास देतो असंच वाटते त्यांना."

"अबे शहाण्या!" माही भाकर तव्यावर जळून राह्यली होती पण मले भान नव्हतं. "पुण्यात राहून कान विकून आला का? इथला माणूस कटकट कशाले म्हणते हे मी सांगू तुले? हे मलेही कटकट म्हणतात, तीस वर्षांपासून. सोडली का मले?"

तो हसला, पण खालच्या मानेनं. म्हणला, "मग अब्बूंनी सांगावं तसं. ते म्हणतील तर नाही लावत."

मी लगेच दुकानात गेली. हे डोमकळीचं चित्र काउंटरच्या काचेखाली सरकवून राह्यले होते. म्हणलं, "पोराले सांगा, आपोआप नको म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा. एवढं एक काम करा माह्यासाठी."

ह्यायनं चष्मा काढला. माह्याकडं पाह्यलं नाही. म्हणले, "अमीना, त्या दिवशी तू म्हणली होती, कागदावर लिहेल आहे, करून पाहा. मले येत होतं. मी सारं पाठ केल्लं आहे. पण मले वाटलं, त्याले विचारतो. फोन करायचं कारण होतं, ते हातचं कसं जाऊ देऊ? आन तिकडं इंद्रभान मेसेजची वाट पाहत बसला. मले पोराचा आवाज ऐकाले भेटते म्हणून लोकायची पऱ्हाटी टांगून ठेवू का मी? एकदा झालं तेवढं पुरे. लावू दे त्याले."

"मग पोराशी कधी बोलसान?"

"मेसेज वेळेवर गेला पाहिजे," हे म्हणले. आन पुन्हा चित्र सरकवू लागले. माणूस खरं बोलत असला की भांडताही येत नाही. मी घरी येऊन जळेल भाकर कुत्र्याले टाकली आन बसून रडली.

दुपारी कामराननं काम केल्लं. बाप बाजूच्या स्टुलावर. मी पोत्यावर. नवी आवृत्ती चढली, मग त्यानं दाखवाले म्हणून जुन्या औजाराचं नाव टाइप केल्लं. पडद्यावर आलं की हे आता नाही, त्याच्या जागी अमुक आहे, ते वापरा.

हे म्हणले, "त्याचा कसूर काय होता?"

"कसूर काहीच नाही अब्बू. आतून जुनं झालं होतं. त्याला सांभाळणारे लोकही आता नव्याचंच काम करतात."

"नवं विचारते का? करू का म्हणून?"

"हातानं चालवलं तर विचारते. मी आपोआप लावलं, मग नाही विचारत."

"बरं," हे म्हणले. "चांगलं लाव. मेसेज चुकला नाही पाहिजे."

कामराननं बापाकडं पाह्यलं. मले वाटलं आता बोलन काहीतरी. पण त्यानं वळून कीबोर्डवर टकटक केल्लं आन म्हणला, "झालं." दोघायच्याही डोक्यात एकेक टोपलं घालावं असं वाटलं मले.

गुरुवारी मी त्याले बसस्टँडवर सोडाले गेली. बस लागली होती. चढता चढता म्हणला, "अम्मी, एक सांगू? आपोआपचं जुन्या औजारातही होतं. पहिल्या दिवशीच लावता आलं असतं."

"मग लावलं काऊन नाही?"

"लावलं असतं तर अब्बूनं फोन केला असता का?"

मी त्याचा दंडच धरला. "हे जाऊन सांग त्यायले. आत्ताच्या आत्ता. बस गेली तर जाऊ दे."

"नको. त्यायले वाटन मी इतके दिवस उगाच राबवलं. आन त्या श्रावणातल्या घोळाले मीच कारण झालो, हे कोणत्या तोंडानं सांगू? तूही सांगू नको. तुले माही शपथ." बस निघाली. शपथ घालून पळणारे सारे माह्याच नशिबी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. हे नमाजहून आले, अर्धं शटर खाली केल्लं आन खुर्चीवर बसले. सवयच ती. काळ्या पडद्यावर लिहेल होतं की पहाटे सारं झालं. मेसेजही गेले होते. इंद्रभान बाजाराले आल्ता, तो शटरखालून डोकावून मोबाइल दाखवून गेला. "आला जी मेसेज, बरोबर टायमावर." हे म्हणले, "बरं झालं इंद्रभान." खरंच बरं झालं होतं. ह्यायच्या तोंडावर समाधान होतं, मी खोटं नाही सांगत.

मग कराले काही उरलं नाही. ह्यायनं कीबोर्ड पुसला. मग पडदा पुसला. मग मोबाइल हातात घेतला आन उलटा करून ठेवला.

मी म्हणलं, "लावा ना फोन."

"काय म्हणून लावू? काम काय आहे?"

"पोरगा आहे तुमचा! पोराले फोन कराले काम लागते?"

"तो कामात असन. उगाच काऊन त्रास द्याचा?"

माह्या तोंडाशी ती शपथ आली होती. मी म्हणलं, अल्ला माफ कर, मोडते मी आता, काय व्हायचं ते होऊ दे. तेवढ्यात फोन वाजला. ह्यायनं असा झडप घालून उचलला की खुर्ची मागं पडली.

"काय बे? काही बिघडलं का कॉम्प्युटरात?"

"नाही अब्बू. कॉम्प्युटर चांगला आहे," कामरान म्हणला. स्पीकर चालू होता, नेहमीसारखा. "माह्या खोलीत मिरचीचं झाड आहे, कुंडीत. त्याची पानं गोळा होऊन राह्यली. काय मारू?"

हे सरळ बसले. आवाजच बदलला, काउंटरवरचा झाला. "पान उलटं कर. खालून काय दिसते?"

"बारीक बारीक आहे. हिरवंसं."

"हलते का? बोट लावून पाहा. चिकट लागते का?"

"हाव, चिकट आहे. मुंग्याही आहेत."

"मावा आहे. घाबरू नको. पहिले साध्या पाण्यानं पानं धू, खालून. मग निंबोळी अर्क आण, थोडा. जास्त नको टाकू. जेवला का तू? आन कुंडी खिडकीत ठेव, हवा लागली पाहिजे."

"जेवलो. अम्मीनं देल्लेलं मटण संपलं. खिडकीत ठेवतो."

मी पोत्यावर तोंडाले पदर लावून बसली होती. पण हे मधातच थांबले. कपाळावर आठी पडली. दुकानदार माणूस तो, चाळीस वर्षं लोकायची पानं पाहत आला.

"कामरान, कालपर्यंत तर तू इथं होता. चार-पाच दिवस बिनपाण्याचं झाड सुकलं असतं. हे झाड आणलं कधी तू?"

तिकडून खिडकी सरकवल्याचा आवाज आला.

"सांग ना बे."

"आज सकाळी."

"आन आज सकाळी आणलेल्या झाडाले एवढा मावा? नर्सरीवाल्यानं फसवलं तुले. वापस दे त्याले."

"नाही अब्बू," कामरान म्हणला, आवाज बारीक झालेला. "त्यानं चांगलंच देल्लं होतं. मीच बदलून मागितलं. म्हणलं, मले ते किडकं पाहिजे."

ह्यायनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पण डोळे पुसलेच नाहीत.

"बेटा," हे म्हणले, "ते झाड आठ दिवसात बरं होते. मग पुढच्या शुक्रवारी काय विचारशीन?"

"माहीत नाही अब्बू."

"काही नको विचारू. असाच लावत जा फोन." मग माह्यादेखत, मोठ्यानं म्हणले, "मले तुह्याबिगर करमत नाही बे."